सर, डोकं दुखस!

दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आठवतंय? तुमच्या वेळचं नाही हो, आत्ताचं. २०१८ साली आलेलं, ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २’. त्यात दहा धडे आहेत. आठव्या धड्यात पेशीविज्ञान आणि जैवतंत्रज्ञान संपलं की नववा धडा येतो, ‘सामाजिक आरोग्य’. ताणतणाव, व्यसनं, मोबाईल, सेल्फीचं वेड, सायबर गुन्हे आणि ताण घालवायला हास्यक्लब... सगळी भेळ एकाच धड्यात. त्यानंतरचा दहावा आणि शेवटचा धडा कोणता? ‘आपत्ती व्यवस्थापन’! पुस्तक बनवणाऱ्यांच्या मनात काही नसेलही, पण हा शेजार मला सॉलिड आवडला.

हे पुस्तक मी चाळलं ते चोपड्यात, एका दहावीतल्या मुलीच्या दप्तरातून काढून. त्या धड्याबद्दल तिचं मत एकदम क्लिअर होतं. “हा चॅप्टर वाचायची गरजच नाही ताई. मनाने लिहिलं तरी मार्क मिळतात.”

मनाने लिहिलं तरी! आता यावर काय बोलणार?

शाळेत मानसिक आरोग्य शिकवावं का, हा प्रश्न आपल्याकडे अजून ‘शिकवावं का’ याच्यावरच अडकलेला असतो. पण बघा, ते तर ऑलरेडी शिकवलं जातंय. दहावीत, बोर्डाच्या वर्षात, मार्कांसाठी, प्रदूषणाच्या आणि पाण्याच्या रांगेत बसवून. खरा प्रश्न तीन गोष्टींचा आहे. केव्हा, कोणी आणि कशासाठी.

‘केव्हा’चं उत्तर सगळ्यात सोपं. मानसिक आजार साधारण कोणत्या वयात सुरू होतात, यावर जगभरातल्या १९२ अभ्यासांची आकडेवारी एकत्र करून २०२१ मध्ये एक मोठा शोधनिबंध आला. त्यातला निष्कर्ष असा की सुरुवात होण्याचं शिखर येतं साडेचौदाव्या वर्षी. सुमारे एक तृतीयांश आजारांची सुरुवात चौदाच्या आधीच झालेली असते आणि जवळजवळ निम्म्यांची अठराच्या आधी. साडेचौदा म्हणजे आपल्याकडे आठवी-नववी. म्हणजे ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत तो नववा धडा पोचतो तेव्हा गाडी स्टँडवरून सुटलेली असते. शिकवायचं तर सहावी-सातवी-आठवीत शिकवायला हवं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याने १ जुलै २०१८ पासून शाळेच्या आरोग्य-शिक्षणात मानसिक आरोग्य कायद्यानेच सक्तीचं केलं, तेही अगदी लहान वर्गांपासून. आपल्याकडे पोरगं दहावीला आलं की मग आपल्याला त्याच्या ‘टेन्शन’ची आठवण येते. तेव्हाही काळजी त्याच्या टेन्शनची कमी आणि पर्सेंटेजची जास्त!

आपल्या देशाचा आकडाही ऐका. बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १३ ते १७ वयोगटात कुठला ना कुठला मानसिक आजार असण्याचं प्रमाण निघालं ७.३ टक्के. साठ पोरांचा वर्ग धरला तर चार जण. हे सर्वेक्षण १२ राज्यांत झालं होतं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. त्यामुळे चोपड्याच्या वर्गात चार आहेत की सहा, हे त्या सर्वेक्षणातून कळायला मार्ग नाही.

तर चोपडा. जळगावहून एसटीने निघालात की विदगावला तापी ओलांडायची, मग धानोरा, अडावद आणि मग चोपडा. अडावदजवळ उनपदेवचे गरम पाण्याचे झरे आहेत, उत्तरेला सातपुडा, दोन्ही बाजूंना केळी आणि कापूस. तुम्ही पुण्या-मुंबईत ऑफिसमध्ये बसून हे वाचत असाल आणि तुमचं गाव या पट्ट्यातलं असेल, तर एव्हाना तुम्हाला वास आला असेल... केळीच्या बागेतला, ओल्या मातीचा. इथून दहावी-बारावीनंतर बाहेर पडलेली पोरं हिंजवडीपासून ठाण्यापर्यंत सगळीकडे आहेत. त्यातले कितीतरी आता ‘बर्नआउट’, ‘अँग्झायटी’ हे शब्द सहज वापरतात, थेरपिस्टची ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतात, त्याचं बिल कंपनीच्या वेलनेस प्लॅनमध्ये टाकतात. गुड फॉर देम. पण त्यांचाच आठवीतला भाचा गावी आहे, त्याच्याकडे यातला एकही शब्द नाही.

मग त्याच्याकडे काय आहे? डोकं.

“सर, डोकं दुखस!” एका मराठी शाळेतल्या सरांनी मला सांगितलं, की आठवड्यात निदान चार-पाच वेळा हे वाक्य त्यांच्या कानावर येतं. कुणाचं डोकं, कुणाचं पोट. प्रार्थनेच्या वेळी चक्कर येणाऱ्या मुली वेगळ्या. सर बावीस वर्षं शिकवताहेत. मी विचारलं, मग तुम्ही काय करता? “पाणी पाजतो, बेंचवर डोकं टेकवून बसवतो. उपाशी आलाय का विचारतो. जास्तच असलं तर घरी पाठवतो.” मग थोडं थांबून म्हणाले, “पण मॅडम, काही पोरांचं डोकं फक्त गणिताच्या तासाला दुखतं आणि काहींचं फक्त घरी जायच्या वेळेला. हे आम्हाला कळतं हो. कळून करायचं काय, ते कोणी सांगितलेलं नाही.”

सगळ्या प्रवासात मला पटलेलं सगळ्यात खरं वाक्य हेच. चौदा वर्षांचं पोरगं “मला उदास वाटतंय” म्हणत नाही. ते चिडतं, मारामारी करतं, अभ्यासात घसरतं, नाहीतर त्याचं पोट दुखतं. डॉक्टरकडे नेलं तर सोनोग्राफी नॉर्मल येते. मग आजी दृष्ट काढते. त्यानेही भागलं नाही तर भगताकडे. घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण त्यांच्यासमोर दुसरा पत्ताच नसतो. आपल्या देशात एक लाख लोकसंख्येमागे एक पूर्ण मानसोपचारतज्ज्ञसुद्धा येत नाही, पाऊण येतो. तोही बहुतेक शहरात बसलेला. जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पण तिथपर्यंत जायला-यायला दिवस जातो, त्या दिवसाची मजुरी जाते आणि शेजारच्या बाईला कळलं तर काय, हा प्रश्न वेगळाच. ‘येडा’ हा शब्द गावात एकदा चिकटला की पोराच्या लग्नापर्यंत निघत नाही.

घरात काय चाललंय हेही पोरांना कळत असतं. मे-जूनच्या वाऱ्याने केळी आडवी होते, कधी सीएमव्हीचा रोग येऊन लावलेली रोपं उपटून टाकावी लागतात, कापसाचा भाव कोसळतो. बाप रात्री ओट्यावर गप्प बसलेला असतो. मराठवाड्यातले ८ आणि विदर्भातले ६ अशा १४ जिल्ह्यांत सरकारने २०१५ मध्ये शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. चांगलंच केलं. पण त्या ओट्यावरच्या बापाकडे आतून बघत असलेल्या तेरा वर्षांच्या पोरीसाठी कुठला प्रकल्प? आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या आश्रमशाळांमधली पावरा, भिल्ल, तडवी पोरं तर सहाव्या-सातव्या वर्षापासून घर सोडून राहतात. ज्या पोराची घरची भाषा पावरी आहे, त्याने आपल्या मनातली घालमेल प्रमाण मराठीत सांगायची! आपल्याला इंग्लिशमधून इंटरव्ह्यू देताना घाम फुटतो, ते आठवा.

आता ‘कोणी’. इथे माझं मत बहुतेक परिसंवादांपेक्षा वेगळं आहे.

सरकारचं पहिलं उत्तर नेहमी एकच असतं, शिक्षक! पल्स पोलिओ असो, जनगणना असो, मतदारयादी असो, शिक्षक आहेत ना. नव्वदच्या दशकाच्या शेवटी परिपाठात मूल्यशिक्षण आलं, तेही शिक्षकांकडेच गेलं. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने आयुष्मान भारतखाली शाळा आरोग्य कार्यक्रम सुरू केला. त्यात ११ विषय आहेत आणि दुसराच विषय आहे भावनिक स्वास्थ्य आणि मानसिक आरोग्य. कागदावर वाचाल तर एकदम मस्त आहे. प्रत्येक शाळेत दोन शिक्षक, एक पुरुष आणि एक स्त्री, ‘हेल्थ अँड वेलनेस अँबॅसिडर’ म्हणून तयार करायचे आणि आठवड्याला एक तास घ्यायचा. म्हणजे धोरण नाहीच असं नाही. आहे, आणि कोरोनाच्या तोंडावर जन्मलं बिचारं.

मी सरांना विचारलं, तुम्ही हे अँबॅसिडर व्हाल का? त्यांनी हसत टेबलावरचं रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. पोषण आहाराचं होतं. मग दुसरं. मग मोबाईल काढून यू-डायसची माहिती भरायची राहिलीय ते दाखवलं. “होऊ की. एवढे झालो, तेवढंही होऊ.”

आणि समजा ते खरंच मनापासून झाले, तरी उपयोग होईल का? याचं उत्तर आपल्या शेजारच्या गोव्यातून मिळालेलं आहे आणि ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षणाधिकाऱ्याच्या टेबलावर काचेखाली ठेवायला हवं. गोव्यातली ‘संगत’ ही संस्था, १९९६ सालची. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल तिच्या संस्थापकांपैकी एक. या संस्थेने बिहारमध्ये नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग केला. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे तीन गट पाडले. एका गटात शाळेचं वातावरण सुधारण्याचा कार्यक्रम राबवला तो बाहेरून नेमलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या साध्या समुपदेशकाने. डॉक्टर नाही, सायकॉलॉजिस्ट नाही, गावच्या आसपासचा माणूस. दुसऱ्या गटात तोच कार्यक्रम शाळेतल्याच शिक्षकाने राबवला. तिसऱ्यात नेहमीचंच. नववीची पोरं होती, म्हणजे तेरा-चौदाची.

निकाल २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. समुपदेशकाच्या शाळांमध्ये दादागिरी कमी झाली, नैराश्याची लक्षणं कमी झाली, शाळेबद्दल पोरांचं मत सुधारलं. शिक्षकांच्या शाळांमध्ये? नेहमीच्या शाळांपेक्षा काहीही फरक नाही! तोच कार्यक्रम, तेच साहित्य, फक्त माणूस वेगळा.

असं का व्हावं? मला विचाराल तर यात शिक्षक वाईट असण्याचा काही संबंध नाही. जो माणूस सकाळी गृहपाठाच्या वहीवर लाल शेरा मारतो आणि दुपारी बापाला बोलावून घेतो, त्याच्याजवळ पोरगं मन मोकळं करील कसं? तुम्ही तुमच्या अप्रेझल घेणाऱ्या बॉससमोर रडाल का? मग!

सेहेरमध्ये नेमकं करत काय होते, ते तर अजून इंटरेस्टिंग आहे. ध्यान नाही, पॉवरपॉइंट नाही. शाळेत एक पेटी ठेवायची, पोरांनी मनातलं लिहून टाकायचं, नाव घातलं तर घातलं. भिंतीवर एक अंक लावायचा, पोरांनीच लिहिलेला. दर महिन्याला स्पर्धा. दादागिरी आणि मारहाण चालणार नाही असा शाळेचा लेखी नियम. आणि ज्याला एकट्याने बोलायचंय त्याला वेळ. बस.

भिंतीवरचा अंक वाचून मला अमळनेर आठवलं. चोपड्याहून तापी पार केली की पलीकडचा तालुका. १९२४ ते १९३० या काळात पांडुरंग सदाशिव साने तिथल्या हायस्कुलात शिक्षक होते, आणि पोरांच्या वसतिगृहाचे प्रमुख. ते रोज हाताने लिहून एक दैनिक काढायचे, ‘छात्रालय दैनिक’. चोवीस-पंचवीस वर्षांचा मास्तर, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांपेक्षा लहान! दिवसभर शिकवायचं, आजारी पोरांची सेवा करायची, कुणाचे कपडे धुवायचे, कुणाची खोली झाडायची, आणि वर त्यांच्यासाठी एक अख्खं दैनिक लिहायचं. साने गुरुजींवर ‘हळवे’ असा शिक्का मारून आपण मोकळे होतो, आणि आजच्या पिढीत तर ‘श्यामची आई’वर जोक मारायची फॅशन आहे. पण नव्वद वर्षांनी नालंद्यात लाखो रुपये खर्चून जे सिद्ध केलं, की घरापासून लांब असलेल्या पोराला आपलं कोणी वाचतंय, आपल्यासाठी कोणी लिहितंय एवढं कळलं तरी फरक पडतो, त्याच्या अगदी जवळचं काहीतरी खानदेशात एका माणसाने कोणतीही ग्रँट न घेता केलं होतं. अर्थात वर जे म्हटलं त्याला हा अपवाद. ते शिक्षकही होते आणि पोरांचा विश्वासही होता. पण साने गुरुजींसारखा माणूस गृहीत धरून सरकारी योजना आखता येत नाही.

आणि त्याच साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचं आयुष्य संपवलं. पन्नास वर्षांचे होते. शाळेत आपण जयंतीला त्यांची प्रार्थना म्हटली, भाषणं पाठ केली, बक्षिसं घेतली. हे एक वाक्य तुम्हाला कुठल्या सरांनी कधी सांगितलं होतं? मला नाही. मुलांपासून हे लपवून ठेवण्यामागे चांगलाच हेतू असणार. पण लपवल्यामुळे काय होतं, तर पोरांना वाटतं की असलं काही फक्त दुबळ्यांच्या, नापास झालेल्यांच्या बाबतीत घडतं. इतक्यांना आधार देणाऱ्यालाही आधार लागतो, हे आठवीच्या वर्गात नीट, सनसनाटी न करता, शांतपणे सांगता येईल. त्यासाठी ते सांगायचं कसं, याचं ट्रेनिंग असलेला माणूस हवा. परत तिथेच आलो.

हा विषय इतका नाजूक ठेवायची आपल्याला सवयच लागलीय. २००७ मध्ये महाराष्ट्रात शाळेतल्या लैंगिक शिक्षणावर बंदी आली तेव्हाही युक्तिवाद हाच होता, की सांगितलं तर पोरं बिघडतील. मनाच्या बाबतीतही पालक हेच म्हणतात. चोपड्यात केळीची शेती असलेले एक काका मला म्हणाले, “ताई, आमच्या वेळी होतं का असलं काही? शिकवाल तर नसलेलं खूळ डोक्यात भरेल.” खरं सांगू? काकांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. इंग्लंडमध्ये ‘मिरियड’ नावाचा मोठा प्रयोग झाला, ८० हून अधिक शाळा आणि ८ हजारांवर मुलं. शिक्षकांकरवी वर्गात सगळ्यांना माइंडफुलनेस शिकवलं. २०२२ मध्ये निकाल आला, काही फायदा नाही. उलट ज्या मुलांना आधीपासून त्रास होता त्यांच्या बाबतीत गोष्टी किंचित बिघडल्याच. म्हणजे चकचकीत पॅकेज विकत आणून वर्गात ओतलं की झालं, असं नसतं. पुण्यातल्या काही इंटरनॅशनल शाळांनी हे ऐकावं, फी भरमसाट आहेच तुमची.

पण दुसरी बाजूही आहे. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळा आणि ११,११० मुलांवर झालेला प्रयोग २०१५ मध्ये छापून आला. साधारण महिनाभरात पाच तास. त्यात लेक्चर कमी आणि नाटुकली जास्त. मित्र गप्प गप्प झालाय, काय बोलशील? घरी भांडण झालंय, कोणाकडे जाशील? वर्षभराने बघितलं तर या मुलांमध्ये आत्महत्येच्या प्रयत्नांचं प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याच्या आसपास होतं. आणि त्याच प्रयोगातल्या आणखी एका गटात नुसतं शिक्षकांना ‘लक्षणं ओळखा’ म्हणून प्रशिक्षण दिलं होतं, त्याचा ठोस परिणाम दिसला नाही. काकांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच विचारलं, की तुमच्या पोराचा मित्र त्रासात असला तर त्याने कोणाला सांगावं असं तुम्हाला वाटतं? ते बराच वेळ विचार करत राहिले. मग म्हणाले, “मला तर सांगणार नाही.”

आकडे जड असतात, पण एक सांगायलाच हवा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली, २०२३ मध्ये १३,८९२ जणांनी. यादीत राज्यांमध्ये पहिला नंबर महाराष्ट्राचा. एरवी पहिल्या नंबरची आपल्याला किती हौस! (तुमच्या आसपास कोणी अशा अवस्थेत असेल, किंवा तुम्ही स्वतःच असाल, तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर फिरवा. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलता येतं. मुलांसाठी १०९८ आहे. हे नंबर शाळेच्या भिंतीवर सुविचाराच्या फळ्याशेजारी रंगवायला किती खर्च येतो?)

आता गंमत ऐका, किंवा गंमत म्हणू नका. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात निकाल देताना विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी १५ मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. विशाखापट्टणमला कोचिंगसाठी गेलेल्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूचं ते प्रकरण होतं. कोर्टाने म्हटलं, की मानसिक आरोग्य हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेने निदान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमावा. सरकार कायदा करेपर्यंत ही तत्त्वं बंधनकारक आहेत. शाळाही त्यात आल्या.

मग शाळा म्हणतात, माणूस आणायचा कुठून? पुण्याहून सायकॉलॉजिस्ट चोपड्यात येऊन राहणार आहे का? नाही राहणार. पण निकालातला तिसरा शब्द बघा, सामाजिक कार्यकर्ता, म्हणजे ज्याने समाजकार्याचं शिक्षण घेतलंय तो. आणि चोपड्यात काय आहे? भगिनी मंडळाचं समाजकार्य महाविद्यालय! गावातच. तिथे शिकणारी मुलंमुली बव्हंशी याच पट्ट्यातली, अहिराणी बोलणारी, काही पावरी बोलणारी. त्यांच्या अभ्यासक्रमात क्षेत्रकार्य असतंच. सेहेरमधला तो ‘साधा समुपदेशक’ म्हणजे दुसरं कोण? गावाजवळच्या पदवीधराला नीट प्रशिक्षण, वर एक अनुभवी देखरेख करणारा आणि महिन्याला वेळेवर पगार. तीन शाळांना मिळून एक नेमला तरी सुरुवात होईल. माझं म्हणणं इतकं सरळ आहे, की सक्ती करायची तर विषयाची करू नका, या माणसाची करा. सहावी ते आठवीला आठवड्यातून एक तास, त्याने घ्यायचा, मार्क नाहीत, परीक्षा नाही, वहीसुद्धा नाही. आणि शाळेत त्याची एक खोली, जिच्या दारावर ‘मानसिक’ हा शब्द लिहायचा नाही.

यात खाचखळगे आहेत, ते चकचकीत शब्दांनी बुजणार नाहीत. त्या पेटीत चिठ्ठ्या पडतील तेव्हा सगळ्याच परीक्षेच्या भीतीच्या नसतील. एखादीत शेजारच्या काकाचं नाव असेल, एखादीत शाळेतल्याच कोणाचं. २०१२ च्या पोक्सो कायद्याने असं कळल्यावर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा. म्हणजे त्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलीला, जी कदाचित त्याच गावात राहते, संस्थाचालकाच्या नाकावर टिच्चून पोलीस स्टेशनला जावं लागेल. तिची नोकरी संस्थाचालकाच्या हातात असेल तर ती जाईल का? म्हणून तिचा पगार आणि बदली शाळेच्या हातात नको, जिल्ह्याच्या हातात हवी. हा बोरिंग प्रशासकीय मुद्दा वाटेल, पण सगळी योजना इथेच तरेल किंवा बुडेल. दुसरं, पोराला जास्त त्रास आहे असं दिसलं तर पुढे पाठवायचं कुठे? सरकारी कार्यक्रमात किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ क्लिनिकची सोय सांगितलेली आहे. तिथे खरंच दार उघडं असतं का, डॉक्टर कोणत्या वारी येतात, हे त्या मुलीला पाठ असायला हवं. नुसती चिठ्ठी लिहून जळगावला पाठवलं, तर पोरगं पुढच्या वेळी बोलणार नाही.

मानसिक आजारावरची आपली भाषा बदलायला किती वेळ लागतो बघा. आत्महत्येचा प्रयत्न हा २०१८ पर्यंत आपल्याकडे सरळ गुन्हा होता. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा मे २०१८ मध्ये लागू झाला आणि अशा माणसावर प्रचंड ताण होता असं गृहीत धरायचं ठरलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात ते जुनं कलम घेतलंच नाही. म्हणजे आज आठवीत असलेलं पोरगं पहिलीला बसलं त्याच्या आगेमागेपर्यंत त्रासलेल्या माणसाच्या दारात आधी पोलीस येऊ शकत होते. कायद्याने कूस बदलली. शाळेच्या वेळापत्रकाचं काय?

तोच प्रश्न मी सरांना शेवटी विचारला. समजा उद्या माणूस मिळाला, पगारही मिळाला, तर तास कुठे बसवाल? त्यांनी भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे बघितलं. गणित नाही देता येत, इंग्रजी नाही, विज्ञानाचे आधीच कमी पडतात. मग बोट शनिवारवर नेलं. सकाळची शाळा, शेवटचे दोन तास जरा सैल असतात. एक कार्यानुभवाचा, एक पी.टी.चा.

“कार्यानुभवाचा घ्या,” ते म्हणाले. “पी.टी.ला हात लावू नका मॅडम. तेवढ्या एका तासात एकाचंही डोकं दुखत नाही.”